दंडातला उंदीर

व्युत्पत्तीच्या अभ्यासाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या वाचकांनी भारदस्त शब्दांपासून सुरुवात करण्याचे कारण नाही. आपल्या अंगावरचाच एखादा शब्द घ्यावा. व्यायामशाळेत आणि दवाखान्यात सारखा कानावर पडणारा 'मसल' हा इंग्रजी शब्द त्यासाठी आम्हांला फार सोयीचा वाटतो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. मूळ लॅटिन शब्द 'मुस्कुलुस', म्हणजे छोटा उंदीर. दंड आवळला की कातडीखाली जो गोळा सरकतो, तो पाहून हे नाव सुचले असावे, असे अभ्यासक मानतात. ग्रीक 'म्यूस' या शब्दालाही उंदीर आणि स्नायू असे दोन्ही अर्थ होते. वैद्यकातल्या 'मायोकार्डियम'मधला 'मायो' तिथलाच. आपली मुले दंडाची 'बेटकुळी' काढून दाखवतात. रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक!

लॅटिन 'मूस', इंग्रजी 'माउस' आणि संस्कृत 'मूष्' ही एकाच कुळातली भावंडे. या कुळाकडे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यातील व्याख्यानात जगाचे लक्ष वेधले. तेव्हा 'मसल'शी आपले दूरचे नाते आहेच. पण ते 'मूषका'कडून, 'मांसल'कडून नव्हे. 'मसल' आणि 'मांसल' यांचा उच्चार जवळचा, अर्थही शेजारचा, आणि तरी दोघांची मुळे वेगळी. नवख्या अभ्यासकाला चकवा बसतो तो इथेच. दोन शब्द कानाला सारखे लागले की लगेच सोयरीक जुळवू नये. आधी त्यांची जुनी रूपे तपासावीत.

लॅटिनमध्ये 'मुस्कुलुस' हे एका शिंपल्याचेही नाव होते. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात, त्या शिंपल्यांना इंग्रजी आजही 'मसल'च म्हणते. लेखनात मात्र दोन्ही शब्द आता वेगळे झाले आहेत. स्नायूच्या 'मसल'मधला 'क' लिहिला जातो, उच्चारला जात नाही. 'मस्क्युलर' म्हणताना तो पुन्हा ऐकू येतो. बळ, दांडगाई हे अर्थ पुष्कळ नंतरचे.

पुढे जाताना १८८४ ते १९२८ या काळात भागाभागाने निघालेला ऑक्सफर्डचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' हाताशी ठेवा. ऑक्सफर्डच्या कोशात केवळ अर्थ पाहून थांबू नका. कालक्रमाने दिलेली अवतरणेही सावकाश वाचा.