सफरीचें सामान

प्रवासाला निघणाऱ्या माणसानें पेटींत काय भरलें यावरून तो कोठें चालला आहे हें कळतें. पण त्याहूनही त्याला कशाचें भय वाटतें हें अधिक कळतें. इतिहासकारांनीं राजांचे खलिते आणि सेनापतींचे रोजनामे पुष्कळ चाळले, परंतु सामानाच्या याद्यांकडे त्यांचें लक्ष क्वचितच गेलें. केवळ मौजेसाठीं समुद्रावर जाण्याची जी प्रथा आज जगभर रूढ झाली आहे, तिच्या आरंभकाळची अशी एक यादी सुदैवानें आपल्याला उपलब्ध आहे. तिची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें येथें योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मनुष्य समुद्रावर जाई तो बहुधा कामासाठीं. व्यापार, लढाई, नोकरी, धर्मप्रसार किंवा देशांतर यांपैकीं कांहीं ना कांहीं त्याच्या मागें असे. वाफेच्या आगबोटी आल्या, वाऱ्यावरची भिस्त संपली, आणि वेळापत्रकाप्रमाणें बंदरें घेणें शक्य झालें, तेव्हां कोठें सुखासाठीं समुद्रावर जाण्याची कल्पना लोकांना सुचूं लागली. १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींनीं कादंबरीकार थॅकरे भूमध्य समुद्राकडे जाऊन आला आणि १८४६ सालीं त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें. परंतु एका मंडळीनें एकच बोट धरावी, तिच्यावरच राहावें, वाटेंत देश पाहावे आणि त्याच बोटीनें घरीं परतावें, हा प्रकार ठसठशीतपणें दिसतो तो १८६७ सालच्या ‘क्वेकर सिटी’ या अमेरिकन आगबोटीच्या सफरींत. अमेरिकेंतील यादवी युद्ध संपून तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं, आणि ही बोटही त्या युद्धांत आरमाराची चाकरी करून आलेली होती. दर माणशीं १,२५० डॉलर भाडें ठरलें होतें. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्रानें तें भरून मार्क ट्वेन नांवाच्या तरुण लेखकाला बरोबर धाडलें, आणि १८६९ सालीं ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ हा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपली यादी त्याच ग्रंथांतली आहे.

चालकांनीं आपल्या जाहीरनाम्यांत असें आश्वासन दिलें होतें कीं, ही बोट उतारूंना सदैव घरासारखी राहील, आणि कोणी आजारी पडलाच तर स्नेही मंडळी त्याच्याभोवतीं असतील. पुढें उतारूंना सूचना गेल्या त्या अशा: बोटीवरील करमणुकीसाठीं हलकीं वाद्यें आणावीं, सीरियांतील प्रवासासाठीं खोगीर घ्यावें, हिरवे चष्मे व छत्र्या असाव्या, ईजिप्तसाठीं बुरखे आणि पवित्र भूमींतील खडतर यात्रेसाठीं भक्कम कपडे घ्यावे. बोटीवर ग्रंथसंग्रह असला तरी मार्गदर्शक पुस्तकें, बायबल आणि प्रवासवर्णनाचे कांहीं मान्य ग्रंथ प्रत्येकानें जवळ ठेवावे. ऊन, धूळ, कंटाळा आणि पाप या चारही संकटांची तजवीज या यादींत झालेली आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच.

प्रत्यक्षांत या सामानाचें काय झालें? वाद्यांचें म्हणावें, तर डेकवरील नृत्याला साथ करणारी बाजाची पेटी दमेकऱ्यासारखी धापा टाकी. रोजनिशी लिहिण्याचा उत्साह आरंभीं इतका कीं, वीस-तीस स्त्रीपुरुष जेवणाच्या लांब टेबलांपाशीं बसून दोन-तीन तास लिहीत. पहिल्या वीस दिवसांची शंभर पानें भरलीं. पुढच्या हजारों मैलांचीं वीस पानें दाखवूं शकणारे दहाजणही निघणार नाहींत, अशी ट्वेनची खात्री होती. खडतर यात्रेसाठीं भक्कम कपडे घेतले खरे, पण ट्वेनच्या आठजणांच्या तुकडीसाठीं वाटाड्यानें तंबू, लोखंडी पलंग, पांढऱ्या शुभ्र चादरी आणि जमिनीवर गालिचे असा थाट मांडला होता. दिमतीला एकोणीस नोकर व सव्वीस खेंचरें होतीं. हिरवे चष्मे आणि छत्र्या मात्र कामास आल्या, आणि घोड्यांवर हिंदकळत चाललेली ती छत्र्यांची रांग पाहून ट्वेनलाच हंसूं आवरेना.

यादींत जें नव्हतें त्याची गरज क्रिमियांत भासली. ऑगस्ट १८६७ मध्यें रशियाचा सम्राट दुसरा अलेक्झांडर यानें या मंडळींना याल्टा येथें भेट देण्याचें मान्य केलें. शिष्टाचार समजावून देणाऱ्यानें सांगितलें कीं, पुरुषांनीं शेपटीचे कोट, पांढरे हातमोजे व पांढरे गळपट्टे घालावे, आणि स्त्रियांनीं फिकट रंगाचीं रेशमी वस्त्रें नेसावीं. साऱ्या बोटीवर चिंता पसरली. दुसऱ्या दिवशीं सम्राट समोर आला तो पांढऱ्या ड्रिलच्या साध्या कोट-पाटलोणींत. अंगावर एक रत्न नाहीं कीं पदवीचें चिन्ह नाहीं!

येथवरची हकीकत विनोदाची आहे. पुढची मात्र तितकी हंसण्यासारखी नाहीं. या मंडळींपैकीं कित्येकांच्या सामानांत, कोणत्याही यादींत न लिहिलेली, हातोडी होती. जेथें जात तेथील प्राचीन वास्तूचा टवका काढून तो ते पेटींत टाकीत. सेव्हास्टोपोलच्या रणभूमीवर त्यांनीं तोफगोळे आणि हाडें गोळा केलीं, आणि एकानें तर घोड्याच्या जबड्याला रशियन सेनापतीचा अवशेष अशी चिठ्ठी लावली. ईजिप्तमध्यें स्फिंक्सपुढें ट्वेन स्तब्ध उभा असतांना वरून हातोडीचा ओळखीचा आवाज आला. त्यांच्यांतीलच एकजण त्या पुरातन मुखाचा तुकडा काढूं पाहत होता. बायबल, मार्गदर्शिका आणि प्रवासग्रंथ हे सारें बरोबर असूनही पाहिलेल्या वस्तूविषयीं आदर मात्र त्या सामानांत आला नव्हता.

याच काळांत आपल्याकडील समुद्रप्रवाशांची यादी अगदीं निराळ्या भयांनीं भरलेली असे. समुद्रगमन कलिवर्ज्य ठरलेलें. तेव्हां उन्हाची चिंता मागें पडून जातीची पुढें येई. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं मोहनदास गांधी मुंबईहून निघाले तेव्हां जातीनें त्यांना बहिष्कृत केलें होतें. मद्य, मांस आणि परस्त्री वर्ज्य करण्याच्या, आईला दिलेल्या तीन प्रतिज्ञा त्यांच्याबरोबर होत्या. बोटीवर बहुतेक घरून आणलेल्या फळांवर आणि मिठाईवर त्यांनीं निर्वाह केला. विलायतेंत उतरतांना घालावयाचा म्हणून राखून ठेवलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख त्यांनीं घातला, तों सप्टेंबरअखेरच्या त्या थंडींत पांढऱ्या कपड्यांत तेच एकटे! पेट्या आणि किल्ल्या वाहतूकदाराच्या माणसाकडे गेलेल्या, आणि दुसरा दिवस रविवार; लाजेला पारावार राहिला नाहीं. १९०२ सालीं जयपूरचे महाराज माधोसिंह राज्यारोहण-समारंभासाठीं विलायतेस गेले, तेव्हां त्यांनीं प्रचंड रौप्यकलशांतून गंगाजल नेलें. ते कलश आजही जयपूरच्या राजवाड्यांत पाहावयास मिळतात.

या दोन्ही पक्षांत वरवर पाहतां साम्य नाहीं. परंतु बोट घरासारखी राहील असें आश्वासन देणारे अमेरिकन चालक आणि गंगा बरोबर नेणारे महाराज यांची इच्छा एकच होती: दूर जावें, पण घर सोडूं नये. फरक इतकाच कीं, महाराजांच्या कलशामुळें परदेशाच्या कोणत्याही मूर्तीचें नाक तुटलें नाहीं. आणि गांधींच्या सामानांतील फ्लॅनेल पहिल्याच दिवशीं निरुपयोगी ठरलें, पण प्रतिज्ञा मात्र शेवटपर्यंत उपयोगी पडल्या.

आज एकेका जहाजावर चार-पांच हजार उतारू असतात, आणि याद्याही बदलल्या आहेत. इस्त्री व मेणबत्ती आगीच्या भयानें नेऊं देत नाहींत. मोठी पेटी धक्क्यावर दिल्यावर खोलींत पोंचावयास कांहीं तास लागतात, म्हणून औषधें, पासपोर्ट आणि बदलावयाचा एक कपडा हातांतच ठेवावा असें जाणते सांगतात. हा उपदेश गांधींना १८८८ सालीं कोणी केला असता तर बरें झालें असतें. पुस्तकें थोडीं न्यावीं, रोजनिशी पातळ असावी, आणि समारंभाचा पोशाख एकच पुरे, हें ‘क्वेकर सिटी’च्या अनुभवावरून आपणांस जोडतां येईल. हातोडी मात्र घरींच राहिली आहे ना, हें निघण्यापूर्वीं एकदां पाहून घ्यावें. ती पेटींत सांपडली नाहीं म्हणजे बरोबर आलीच नाहीं असें नव्हे.