रसना, रूप आणि गळ : जिताड्याच्या आमिषाचा इतिहास

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला 'आमिष' हा शब्द भेटतो तो बहुधा रूपकाच्या वेषात. आमिष दाखवणे, गळाला लागणे, गळ टाकून बसणे हे सारे वाक्प्रचार मासेमारीतून आले आणि राजकारणात, व्यापारात, प्रेमप्रकरणांत स्थिरावले. मूळ संस्कृतात आमिष म्हणजे मांस. सामिष-निरामिष या जोडीत तो अर्थ आजही शिल्लक आहे. गळाला लावलेल्या मांसाच्या तुकड्यावरून हा शब्द मोहापर्यंत कसा पोचला, हे सहज कळते. मात्र गळाला काय लावायचे हे ठरवणारा हात आपल्या साहित्यात जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो फक्त फसलेला मासा. या लेखात आम्ही त्या हाताचा थोडा इतिहास मांडू इच्छितो, आणि त्यासाठी रायगडच्या किनाऱ्यावरील जिताडा हा मासा निवडला आहे.

आरंभ परिचित ग्रंथापासून करू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतटीकेमुळे हा संवाद मराठीत घरोघर पोचला. त्यात इंद्रियांच्या ओढीने नाश पावणारे जीव येतात : रूपाला भुलणारा पतंग, नादाला भुलणारे हरिण, स्पर्शाला भुलणारा हत्ती, गंध आणि मध यांत गुंतणारा भ्रमर, आणि रसनेला भुलणारा मासा. माशाच्या वाट्याला जीभ आली, कारण ही प्रतिमा घडली तेव्हा गळाला खाद्यच लावले जात होते. रूपकामागे एक विशिष्ट तंत्र उभे होते. तंत्र बदलले तर रूपकाचे काय होते, हा प्रश्न आम्हांला येथे महत्त्वाचा वाटतो.

त्या जुन्या तंत्राची विस्तृत नोंद आपल्याच परिसरात झालेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथ. मराठीच्या वर्गात आपण तो शिकवतो ते महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात या उल्लेखासाठी. तेवढी टीप उतरवून घेतली की विद्यार्थी पुढे सरकतो. त्याच ग्रंथाच्या विनोदविंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले आणि नदीतले पस्तीसच्या आसपास मासे, त्यांचे खवलेवाले आणि बिनखवल्यांचे भेद, कोणाला काय चारावे, काठी, दोरी व गळ कसे असावेत, याचे तपशील त्यात येतात. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तिथला सारा भर खाद्यावर आहे. माशाची रुची ओळखणे हेच तिथले कौशल्य. एकनाथांची प्रतिमा आणि सोमेश्वराचे शास्त्र या बाबतीत एकाच बाजूला उभे आहेत.

आता जिताडा. जर्मन शास्त्रज्ञ ब्लॉख याने १७९० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याच्या नावात 'कॅल्कॅरिफर', म्हणजे आर धारण करणारा, हे विशेषण घातले. ऑस्ट्रेलियात त्याला बॅरामुंडी म्हणतात, बंगालात भेटकी. इंग्रजी व्यवहारात तो आशियाई सी बास. रायगडच्या उरण, पेण, अलिबाग या तालुक्यांत मात्र तो जिताडाच, आणि त्याचे घर म्हणजे समुद्र आणि गोडे पाणी यांच्यामधला प्रदेश : धरमतरची खाडी, कुंडलिकेचे मुख, राजपुरीची खाडी, तिवरांच्या मुळ्या, खाजणे, बांधांच्या उघाड्या. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी त्याची वीण होते आणि पिले भरतीबरोबर आत शिरतात. ती उघाडीतून शेतात आली की खारेपाटातली माणसे ती तळ्यात सोडून वाढवतात. घराजवळच्या तळ्यातला जिताडा हा या भागात पाहुणचाराचा आणि प्रतिष्ठेचा विषय आहे.

जिताडा खातो कसा, हे आमिषाच्या दृष्टीने निर्णायक ठरते. तो पाठलाग करून लचके तोडणारा मासा नाही. खडपाच्या, खांबाच्या किंवा तिवराच्या आडोशाला तो स्थिर राहतो आणि बोईट किंवा कोळंबी जवळून गेली की एकदम जबडा उघडतो. त्या पोकळीत पाणी ओढले जाते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही. खाड्यांचे पाणी गाळाने गढूळ असते, म्हणून डोळ्यांइतकीच त्याची भिस्त अंगावरच्या पार्श्वरेषेवर असते. पाण्यातले कंपन तिला जाणवते. भक्ष्य तोंडात जाण्यापूर्वी चव घेण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणजे जिताडा निर्णय घेतो तो हालचालीवरून.

खोट्या आमिषाचा जगभरचा इतिहास याच जाणिवेचा इतिहास आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील लोक गळाभोवती तांबडी लोकर आणि पिसे गुंडाळून मासे धरतात, असे लिहून ठेवले. अमेरिकेतल्या ज्युलिओ ब्यूएलने १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले. जेवताना हातातून चमचा तळ्यात पडला आणि माशाने त्यावर झडप घातली, ही त्यामागची आख्यायिका. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद चढवला आणि छायाचित्रांच्या वितळवलेल्या निगेटिव्हांचा लेप दिला. थवा सोडून लंगडत पोहणारा मासाच शिकारी मासा उचलतो, हे त्याने पाहिले होते. ओहायोच्या निक क्रीमने १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकची अळी ओतली. चमचा, बूच, स्वयंपाकघरातील शेगडी अशा घरगुती वस्तूंतून ही साधने जन्मली. कारखाने आणि शेकडो रंगांचे कॅटलॉग नंतर आले.

भारतात या विषयाचे लेखन प्रथम इंग्रजीत झाले. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याचे 'द रॉड इन इंडिया' १८७३ मध्ये मंगळूरला निघाले, फ्रान्सिस डे याचा भारतीय माशांवरील ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात आला, आणि १८८३ मध्ये कुलाबा-जंजिऱ्याचे गॅझेटियर. मराठीत या तोडीचे गळशास्त्र लिहिले गेले नाही. ज्ञान होते ते बोलीत आणि हातांत होते.

आजही अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर काठी घेऊन उभा राहणारा माणूस त्या ज्ञानाशिवाय निवड करू शकत नाही. उधाणाच्या भरतीत येथे पाणी चार मीटरांहून अधिक चढते. ओहोटी लागली की खाजणातली लहान मासळी अरुंद वाटांनी खाली उतरते. पहिल्या दीड-दोन तासांत जिताडा त्या वाटांच्या तोंडाशी असण्याचा संभव अधिक. भांगाला ओढ मंद असते आणि पाणी थोडे निवळते. वेळ असा मोजका असताना पेटीभर आमिषे बदलत बसणे म्हणजे हातचे पाणी घालवणे होय. म्हणून तीन साध्या आमिषांत बहुतेक काम भागते. पहिले, शिशाच्या डोक्यावर बसवलेला, वल्ह्यासारख्या शेपटीचा आठ ते बारा सेंटीमीटरचा मऊ मासा. वजन खाडीत दहा ते वीस ग्रॅम. तो तळाजवळून सावकाश आणता येतो, मध्येच थांबवता येतो, आणि तो खाली बसत असतानाच अनेकदा झटका येतो. त्याची शेपटी गढूळ पाण्यातही थरथर पोचवते. एकच आमिष घ्यायचे झाले तर हे घ्यावे. दुसरे, रापालाच्या वंशातला तरंगता मासा. खडपांवर तो अडकत नाही, कारण ओढणे थांबवले की वर येतो. तिसरे, धातूचा चमचा. उघड्या पुळणीवर, वाऱ्याविरुद्ध लांब फेकण्यासाठी त्याच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ साधन नाही. मात्र तो लगेच बुडतो, म्हणून खडपात टाळावा. रंगाचा विचार शेवटी : निवळ पाण्यात चंदेरी, गढूळात किंवा अंधारात गडद. एक पथ्य मात्र चुकवू नये. जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, तेव्हा आमिषाच्या पुढे जाड तंगुसाचा हातभर तुकडा हवाच.

या निवडीत रसनेला कोठेही स्थान नाही. शिसे, प्लास्टिक आणि पत्रा यांना चव नसते. चमच्यावर झेपावणारा जिताडा अवधूताच्या यादीतल्या माशाचा दोष करत नाही. तो पतंगाचा दोष करतो, आणि थरथरीला भुलतो म्हणून हरिणाचाही. यामुळे एकनाथांचे रूपक खोटे पडत नाही. परंतु ते अनुभवाच्या एका टप्प्यावर घडले होते, हे स्पष्ट होते. आजच्या जाहिरातींना, चमकत्या पडद्यांना आपण आमिष म्हणतो तेव्हा शब्द मांसाचा असतो आणि अर्थ हालचालीचा. शब्दार्थाचा हा प्रवास कोशात शोधून सापडणार नाही. त्यासाठी खाडीवर जावे लागते.

या साऱ्याशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. जिताडा बहुधा नर म्हणून प्रौढ होतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. लाखो अंडी देणाऱ्या या मोठ्या माद्याच छायाचित्रासाठी सर्वांना हव्या असतात. गळाने धरणाऱ्याजवळ जाळ्याला नसलेली एक सोय आहे : त्याला मासा जिवंत सोडता येतो. एकेरी गळ, दाबून बसवलेला काटा आणि मोठी मादी परत पाण्यात, हा नियम आमिषाच्या निवडीचाच भाग मानला पाहिजे. दुसरीकडे, ज्या खारेपाटाने जिताड्याची तळी सांभाळली तो प्रदेश सोपा नाही. चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ चा संप याच मातीतला. बांध सांभाळण्यासाठी १९४८ चा आणि पुढे १९७९ चा खारजमीन कायदा झाला. तरीही बांध फुटतात, शेतात खारे पाणी येते, उद्योग आणि रस्ते जमिनी मागतात. उघाडी गेली की पिलांची आत येण्याची वाट जाते, आणि उघाडी हा शब्दही जातो.

मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघू लागला. या कोशकारांनी बोलीतले शब्द कष्टाने गोळा केले. आज आमच्या वर्गांत पेण-अलिबागकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरात पाग, तंगूस, भांग, उघाडी, खाजण हे शब्द रोजचे असतात. पण उत्तरपत्रिकेत ते येत नाहीत, कारण ते 'साहित्याचे' नाहीत असे आपणच त्यांना नकळत शिकवले आहे. 'मत्स्यविनोद' आणि अवधूताचा मासा एकाच तासाला शिकवावेत, आणि त्या तासाला खाडीकाठच्या विद्यार्थ्याला बोलू द्यावे. गळाला काय लावायचे, हे त्याच्या आजोबांना ठाऊक होते. ते कोणत्या शब्दांत ठाऊक होते, याची नोंद करणे हे मराठीच्या अध्यापकांचे काम आहे.