लिपित्साची पागा

स्लोव्हेनियांतील लिपित्सा येथें जाणाऱ्या अश्वप्रेमी प्रवाशास प्रथम दिसते ती चुनखडीची खडकाळ भूमि. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक चार्ल्स यानें १५८० सालीं येथें पागा वसविली व स्पेनमधून घोडे आणवून त्यांची पैदास सुरू केली. १७०३ सालच्या कमानदार तबेल्यांतील शुभ्र घोडे पाहून दृष्टि निवते. कुरणांतील शिंगरें मात्र काळींसांवळीं! त्यांचा रंग सहा ते दहा वर्षांत उजळत जातो.

या शुभ्रतेमागें पलायनाचा इतिहास आहे. १७९७ सालीं नेपोलियनच्या फौजा येतांच सुमारें ३०० घोडे हंगेरींत हलविण्यांत आले. वाटेंतच कांहीं घोड्या व्याल्या. १९१५ सालीं युद्ध जवळ येतांच पागा पुन्हां रिकामी झाली. १९४३ सालीं जर्मनांनीं घोडे बोहेमियांत नेले. १९४५ सालीं अमेरिकन सैन्यानें ते सोडविले. युद्धानंतर लिपित्सास परतले अवघे ११. त्यांच्यापासून पागेच्या पुनरुभारणीस आरंभ झाला.

पागा राजाज्ञेनें वसली खरी. परंतु नवजात शिंगरें सांभाळीत परमुलखांत गेलेल्या मोतद्दारांनीं तो वंश राखला. त्यांचीं नांवें तबेल्यावर कोरलेलीं नाहींत. तेथें जाणारानें त्यांचें स्मरण अवश्य करावें.