व्हिएन्नाची हेड नर्स

स्वमग्न मुलांच्या उपचारांचा इतिहास शिकवताना आमच्या क्षेत्रात दोन डॉक्टरांची नावं हटकून येतात. लिओ कॅनर, लेख १९४३चा, आणि हान्स ॲस्पर्गर, लेख १९४४चा. मी पुण्यात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि मला त्या दोघांच्या आधी व्हिक्टोरीन झाक हे नाव घ्यावंसं वाटतं. ती डॉक्टर नव्हती, नर्स होती.

व्हिएन्ना विद्यापीठाच्या बालरुग्णालयात एर्विन लाझार यांनी १९११ मध्ये एक वेगळा वॉर्ड उघडला. शाळेत न सामावणारी, घरच्यांना न उमगणारी मुलं तिथे दाखल होत. आजच्यासारखी पाऊण तासाची सेशन्स नव्हती. मुलं तिथेच राहत, जेवत, शिकत. झाक या वॉर्डची हेड नर्स. गाणं, तालावरच्या हालचाली, छोटी नाटकं, एकत्र खेळ असा रोजचा कार्यक्रम तिनं बसवला. आज हे साधं वाटेल. पण तालावर पाऊल टाकायचं तर शेजारच्याकडे बघावं लागतं, थांबावं लागतं, आपली पाळी ओळखावी लागते. नाटकात दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकावंच लागतं. सामाजिक संवाद म्हणून मी आज मुलांकडून जे करून घेते, ते सगळं यात आहे; आणि मुलाला समोर बसवून ‘माझ्याकडे बघ’ असं एकदाही म्हणावं लागत नाही.

त्याच काळात मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा आपल्या उपचार-शाळेत चित्रकला, सुतारकाम, संगीत आणि व्यायाम यांतून अशाच मुलांना माणसांत आणत होत्या. सहा मुलग्यांवरचा त्यांचा लेख १९२६ मध्ये जर्मनमध्ये छापून आला, म्हणजे कॅनरच्या सतरा वर्षं आधी. इंग्रजीत तो यायला १९९६ उजाडलं.

व्हिएन्नाच्या वॉर्डाचं पुढे जे झालं ते सांगताना मला अजूनही त्रास होतो. तिथले डॉक्टर गेओर्ग फ्रांकल आणि मानसशास्त्रज्ञ ॲनी वाइस हे दोघे ज्यू. दोघांनाही देश सोडून अमेरिकेत जावं लागलं. फ्रांकल बाल्टिमोरला कॅनरकडेच कामाला लागले. याच वॉर्डात काम करणारे ॲस्पर्गर मागे राहिले. त्यांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली. नाझी काळात तिथे सुमारे आठशे मुलांचा जीव गेला. हेरविग चेक या इतिहासकारानं २०१८ मध्ये ॲस्पर्गरच्या या शिफारशींची कागदपत्रं तपशिलानं मांडली. झाक महायुद्धाच्या अखेरच्या काळात बॉम्बहल्ल्यात मारली गेली. पाठ्यपुस्तकांत नाव राहिलं ते डॉक्टरांचं.

पुढची काही दशकं लॉस एंजेलिसचे मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांची. टेबल, खुर्ची, आज्ञा, बरोबर उत्तराला बक्षीस. साठच्या दशकात तर मुलांना विजेचे झटकेही दिले गेले. १९८७ मध्ये त्यांनी आठवड्याला चाळीस तासांच्या उपचाराचे निष्कर्ष छापले. या मुलांना शिकवता येतं हे त्यांनी आकड्यांत दाखवलं आणि त्यामुळे असंख्य पालकांना उमेद मिळाली, हे श्रेय त्यांचंच. मात्र घोटून घेतलेलं ‘हॅलो’ मूल टेबलाशी म्हणतं आणि जिन्यात भेटलेल्या मैत्रिणीसमोर गप्प राहतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. आता संशोधनही पुन्हा खेळाकडे, मुलाच्या आवडीच्या वस्तूकडे वळलं आहे. पण चाळीस हा आकडा टिकून राहिला. ‘मॅडम, आठवड्याला किती तास?’ हा आजही पालकांचा पहिला प्रश्न असतो.

त्या पालकांना माझी विनंती आहे. सेंटर निवडताना तासांचा हिशेब नंतर करा. आधी अर्धा तास आत बसून बघा. थेरपिस्ट मुलासाठी थांबते का? खेळ कधी मूलही सुरू करतं का? दोघं मिळून हसतात का? बाहेर भिंतीवर कितीही प्रमाणपत्रं असोत, आत हे दिसलं नाही तर दुसरं सेंटर शोधा.