रिव्हर्स इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअरचे : भारतीय कायदा
तयार सॉफ्टवेअर उलगडून त्याची अंतर्गत रचना जाणून घेण्याची क्रिया. भारतात तिला कॉपीराइट अधिनियम, १९५७ लागू होतो. १९९९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ५२(१)(एबी) नुसार, स्वतंत्रपणे लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याशी जुळवण्यासाठी अत्यावश्यक माहिती मिळवणे हा हक्कभंग नाही. अटी दोन : मूळ सॉफ्टवेअर कायदेशीर ताब्यात हवे आणि ती माहिती इतरत्र सहज उपलब्ध नसावी.

उदाहरणार्थ, भंडाऱ्यातील एखाद्या छापखान्यात जुन्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलेली लग्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली, की अगम्य चिन्हे दिसतात. कारण युनिकोड रुळण्यापूर्वी श्री-लिपीसारख्या प्रत्येक प्रणालीचे सांकेतांक वेगळे होते. कोणता अंक कोणत्या अक्षराचा, हे शोधून रूपांतरक लिहिणे सवलतीच्या हेतूला धरून आहे. मूळ प्रणालीची नक्कल विकणे नव्हे.

२०१२ मध्ये आलेल्या कलम ६५ए नुसार हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होतो. परवाना-करारातील मनाईविषयी कलम ५२ मौन आहे. युरोपीय समुदायाच्या १९९१ च्या निदेशाने मात्र अशी मनाई रद्दबातल ठरवली.