मूकपटातला हॅम्लेट

एखादी गोष्ट साधनात सापडली नाही, म्हणून ती नव्हतीच असं म्हणता येतं का? जॉन्स्टन फोर्ब्स-रॉबर्टसन या इंग्लिश नटाचं उदाहरण बघा.

जन्म १८५३, लंडन. शिकले चित्रकला, तीही रॉयल अकॅडमीत. पण स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हणून रंगभूमीवर आले. १८९७ मध्ये लायसियम थिएटरात त्यांनी हॅम्लेट उभा केला, तेव्हा वय होतं ४४. त्यांचं मोठं बळ म्हणजे आवाज आणि शब्दफेक. त्या प्रयोगाचं परीक्षण बर्नार्ड शॉ यांनी लिहिलं आणि पुढे ‘सीझर अँड क्लिओपात्रा’मधला सीझर त्यांच्यासाठीच लिहिला.

१९१३ मध्ये, साठाव्या वर्षी, त्यांच्या हॅम्लेटचा चित्रपट निघाला. तो आजही बघायला मिळतो. पण तो मूकपट! ओठ हलतात, ऐकू काहीच येत नाही. नुसता तोच बघितला तर वाटेल, एक वयस्कर नट हातवारे करतोय, यात एवढं काय होतं?

आता प्रयोगशाळेतलं आठवा. जे उपकरण ध्वनी टिपतच नाही, त्याच्या नोंदीत ध्वनी नसणारच. त्यावरून खोलीत शांतता होती असा निष्कर्ष आपण काढत नाही. इतिहासातही तसंच. चित्रपटातून त्यांची चाल, नजर, उभं राहणं घ्या. आवाजासाठी मात्र तेव्हाची परीक्षणं उघडावी लागतील, आणि तीही परीक्षकाची आवडनिवड ओळखून.

तेव्हा तुमच्या विषयातलं प्रत्येक साधन हातात घेताना आधी एवढं लिहून ठेवा: याला काय टिपता येतं आणि काय येत नाही? निष्कर्ष त्यानंतर.