ड्रॅगन म्हणजे आपला नाग : कामठी-मनसरची एक दिवसाची सहल

विहाराची स्मरणिका निघते आहे, तर सहलीबद्दल चार ओळी लिहा, असा मंडळाचा आग्रह झाला. शिदोरीत काय होते आणि परतताना गाडीत कोण घोरत होते, हे मुर्रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा त्या दिवशी जो इतिहास कळला, तेवढाच येथे मांडतो.

पहाटे गोंदियाहून गाडीत बसलो. तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड मागे टाकत कन्हान नदी ओलांडली आणि कामठीला उतरलो. कामठी हे इंग्रजांनी १८२१ साली वसवलेले लष्करी छावणीचे गाव. तेथे ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार आहे. जपानच्या मादाम नोरिको ओगावा यांचे दान आणि ॲड. सुलेखाताई कुंभारे यांचा पुढाकार यांतून ते उभे राहिले. १९९९ मध्ये, म्हणजे आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, ते खुले झाले. वरच्या मजल्यावर चंदनाच्या लाकडाची बुद्धमूर्ती आहे. तिच्यासमोर बसले की आपोआप आवाज खाली येतो.

बाहेर आल्यावर आमच्यातल्या एका आजींनी विचारले, "गुरुजी, बुद्धाच्या घराला ड्रॅगनचे नाव काऊन दिले जी? तो तर आग ओकणारा राक्षस ना?"

सहलीचे मार्गदर्शक असलेले आमचे निवृत्त गुरुजी हसले. म्हणाले, "आजी, तो राक्षस नाही. तो आपलाच नाग आहे."

मग त्यांनी समजावून सांगितले. बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले, तेव्हा भाषांतर करणाऱ्यांनी 'नाग' या शब्दासाठी त्यांच्याकडचा ड्रॅगनचा शब्द वापरला. चीनमधून धम्म कोरियात गेला आणि सहाव्या शतकात कोरियातून जपानला पोहोचला. जपानीत ड्रॅगनला 'रयू' म्हणतात. आचार्य नागार्जुनाचे जपानी नाव 'रयूजू'. त्यातला 'रयू' म्हणजे आपला नागच. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात दीक्षेसाठी नागपूर का निवडले ते सांगताना धम्म पसरवणाऱ्या नाग लोकांचीच आठवण काढली होती. म्हणजे जे नाव आम्हाला परके वाटत होते, ते फिरून आपल्याच दारी आले होते.

देणे-घेणे आजचे नाही. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू ७३६ साली जपानला पोहोचला. नारा हे तेव्हा जपानच्या राजधानीचे शहर. तेथील तोदाईजी विहारात बुद्धाची प्रचंड कांस्यमूर्ती घडवली गेली. ७५२ साली तिचे डोळे रेखण्याचा मान या बोधिसेनाला मिळाला. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हाती धरल्या होत्या. परित्राण पाठाच्या वेळी आपण सगळे एक दोरा धरतो, ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला आठवले.

दुपारी जबलपूर रस्त्याने मनसरला गेलो. रामटेकजवळचे हे गाव मँगनीजच्या खाणींसाठी प्रसिद्ध. येथील टेकड्यांखालचा इतिहास बाहेर यावा म्हणून ज्यांनी ध्यास घेतला, ते भदंत सुरई ससाईही मूळचे जपानचे. राजगीरला असताना नागार्जुनाने दर्शन देऊन नागपूरला जाण्यास सांगितले, असे ते स्वतः सांगतात. ते नागपूरला आले, येथलेच झाले आणि पुढे भारताचे नागरिकत्वही घेतले. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. विटांच्या भल्यामोठ्या बांधकामाचे थर उघडे पडले.

एक तरुण म्हणाला, "म्हणजे हे सगळे बौद्धांचेच, नाही का?"

गुरुजींनी येथे घाई केली नाही. भदंत ससाई आणि त्यांचे सहकारी येथे नागार्जुनाशी जोडलेला विहार आणि स्तूप पाहतात. हान्स बाकर यांच्यासारखे अभ्यासक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर आणि शिवमंदिर पाहतात. शैव मूर्तीही येथे सापडल्या आहेत. "आपला इतिहास इतरांनी पुसला म्हणून आपण चिडतो," गुरुजी म्हणाले, "मग आपण दुसऱ्याचा पुसायचा का? पोरांना दोन्ही बाजू सांगा. पुरावा असेल तेवढेच बोला." त्या तरुणाला ते तेव्हा रुचले नाही. परतीच्या वाटेवर मात्र त्यानेच जास्त प्रश्न विचारले.

संध्याकाळी कन्हानच्या काठी बाबू हरदास एल. एन. यांच्या समाधीपाशी थांबलो. सकाळी गजबज पाहिली होती, येथे आम्हीच होतो. कामठीत १९०४ साली जन्मलेल्या या माणसाने बिडी मजुरांची संघटना बांधली, १९३७ च्या निवडणुकीत विधानसभेत गेला आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, ऐन पस्तिशीत, क्षयाने गेला. आमच्यासोबतच्या कितीतरी बायांची हयात तेंदूपत्ता आणि बिड्यांत गेलेली. एक मावशी समाधीला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. आपण एकमेकांना भेटताच जो शब्द उच्चारतो, तो रूढ करण्याचे श्रेय याच बाबू हरदासांना दिले जाते, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

जपानहून आलेले सुंदर विहार जरूर पाहावे, फोटोही काढावा. पण परतताना दहा मिनिटे कन्हानच्या काठी थांबावे. पुढच्या सहलीला पोराबाळांना घेऊन या, एवढेच सांगणे.

जयभीम!